टेपचं दुसरं टोक

आमच्या स्वयंपाकघराची मागची भिंत आणि छापखान्याची पुढची भिंत एकच होती. पायाने चालवायचं छपाईचं यंत्र, ट्रेडल, चालू झालं की फडताळातल्या कपबश्या वाजायला लागायच्या, आणि आई त्या आवाजावरून सांगायची की आज काय छापलं जातंय. लग्नपत्रिका असली की अण्णा जपून पाय मारत. पत्रक असलं की कपबश्यांना उसंत नसे. अण्णा म्हणजे माझे वडील. पेणच्या बाजारपेठेला लागून असलेल्या गल्लीत त्यांचा एका यंत्राचा छापखाना होता. पत्रिका आणि पावतीपुस्तकं यांच्यावर घर चालायचं. अण्णांचा जीव मात्र पत्रकांत होता. मिठागरांतल्या मजुरांची पत्रकं, खाडीचं पाणी अडवणारी खारबंदिस्ती फुटली त्याची पत्रकं, एसटीच्या थांब्यासाठीची पत्रकं, सगळी पातळ गुलाबी कागदावर, कारण तो सगळ्यात स्वस्त होता. बिघडलेले कागद आई पापडांचे पुडे बांधायला वापरायची. त्यामुळे पेणमधल्या कित्येक घरांत पोह्याच्या पापडांचा पुडा सोडताना लोकांनी आधी ‘बंधूंनो, जागे व्हा’ वाचलेलं आहे.

मी अक्षरं शिकले ती छपाईच्या शिसाच्या खिळ्यांवरून, म्हणजे उलटी. शाळेत पाटीवर सरळ ‘क’ बघितला तेव्हा तो मला चुकीचा वाटला. दहाव्या वर्षी मी पत्रक जुळवू शकत होते आणि पंधराव्या वर्षी लिहू शकत होते. लिहिताना मला एक प्रकारची झिंग चढायची, ती अजून आठवते. कानशिलं गरम व्हायची. एकेक वाक्य खाली पडून फुटलं पाहिजे असं मला वाटायचं. आई लाटणं न थांबवता ऐकायची आणि एकदा म्हणाली, “तुझ्या पत्रकातली माणसं सारखी रडतात नाहीतर लढतात. जेवत कोणी नाही का गो त्यांच्यात?” मी तिच्यावर चिडले. आईला राजकारण कळत नाही असं माझं तेव्हा ठाम मत होतं.

आमच्या छापखान्याचा एक नियम होता, आणि हे सगळं प्रकरण त्या नियमाचंच आहे. ज्याच्याबद्दल पत्रक लिहिलं, त्याला ते छापण्याआधी मोठ्याने वाचून दाखवायचं. मिठागरांतल्या बहुतेकांना वाचता येत नव्हतं, म्हणून हा नियम सुरू झाला असणार. अण्णा प्रूफ खिशात घालून सायकलवरून बांधावर जायचे, मी पुढच्या दांड्यावर. लोक फावडी टाकून गोळा व्हायचे. एकदा अण्णांनी वाचलं, ‘आम्ही या मिठागरांचे गुलाम आहोत.’ त्यावर डोक्याला फडकं बांधलेली एक म्हातारी म्हणाली, “गुलाम नाय म्हनू, मास्तर. आमी मजुरी करतो. गुलाम बोललास तर माझी सून उद्या मला काय बोलंल?” अण्णांनी तिथेच पेन्सिलीने तो शब्द खोडला. परत येताना मी म्हटलं, “पण गुलाम चांगला शब्द होता.” अण्णा म्हणाले, “चांगला होता. पण तो तिचा नव्हता.” मला ते पटलं नाही. शब्द लिहिणाऱ्याचा असतो अशी माझी समजूत होती, आणि ती बरीच वर्षं टिकली.

विद्यापीठाचं उपकेंद्र पेणला आलं तेव्हा ते दोन खोल्यांचं होतं. भर बाजारात एका भुसार दुकानाच्या वर. खाली गुळाच्या ढेपा, वर अर्थशास्त्र. टिपणीस सर नावाचे प्रभारी होते. बारीक, उंच, छत्री कधीही न विसरणारे. तेच शिकवायचे, तेच हजेरी घ्यायचे आणि फळा पुसायचं फडकं घरून धुऊन आणायचे. केंद्राच्या नावाची पाटी शेजारच्या गल्लीतल्या दत्तूकाकांनी रंगवली. दत्तूकाका गणपती करायचे. मूर्तीचे डोळे आखायच्या कुंचल्याने त्यांनी ‘विद्यापीठ’ हा शब्द लिहिला, म्हणून त्यातल्या काना-वेलांट्या जरा जास्तच डौलदार होत्या. त्यापूर्वी पदवी घ्यायची तर मुंबईला राहायला लागायचं, आणि ते मुलग्यांनाच जमायचं. आता बाजारात भाजी घ्यायला जावं तसं जिना चढून कॉलेजात जाता येत होतं. पहिल्या वर्षी आम्ही अकरा जण होतो. दुसऱ्या वर्षी खोल्या पुरेनात, तेव्हा सरांनी मागच्या पोह्याच्या गिरणीचं गोदाम मिळवलं. तिथे तास चालू असताना गिरणीचे धक्के जमिनीतून बाकांत यायचे आणि सगळ्यांच्या वह्यांतली अक्षरं एकाच वेळी थरथरायची. भाजलेल्या पोह्यांच्या वासाने अकरा वाजताच भूक लागायची. आज त्याच जागी चार मजली इमारत आहे, लिफ्ट आहे, आणि खाली वाहनं लावायला जागा नाही म्हणून भांडणं आहेत. परवा मी आत गेले तर पहारेकऱ्याने मला कोणाकडे काम आहे विचारलं. मी म्हटलं, “पोह्यांचा वास येतो का बघायला आले.” त्याने वहीत ‘वैयक्तिक’ असं लिहिलं.

हिराशी माझी खरी ओळख त्या गोदामात झाली. ती रोह्याची, म्हणजे रोह्याच्याही थोडी पुढे, कुंडलिकेच्या काठच्या एका वाडीतली. तिच्या वाडीत दहावीच्या पुढे गेलेली ती पहिली. आई लावणी-कापणीच्या मजुरीवर जायची, वडील नव्हते. भाऊ किसन रोह्याच्या एका कंपनीत कंत्राटी कामगार होता. ती पहाटेच्या एसटीने निघून नागोठणे, वडखळ करत पेणला यायची. दोन तासांत डोळ्याला डोळा लावायची नाही, कारण झोप लागली की वह्या पडतात. तिच्या डब्यात तांदळाची भाकरी आणि सुकटीची चटणी, माझ्या डब्यात वालाचं बिरडं; आम्ही डबे बदलायचो. ती कमी बोलायची आणि गणितं पटापट सोडवायची. मी तिला पत्रकं वाचायला द्यायचे. ती घडी घालून परत द्यायची आणि म्हणायची, “चांगलं हाय. लय ओरडतंस तू.”

शिकायला किसनची ना नव्हती, पण त्याची एक अट होती. एकदा तो शिफ्ट संपवून तिला न्यायला पेणला आला होता तेव्हा माझ्यासमोरच म्हणाला, “पेणपरेत ठीक हाय. सकाळी जायचं, दिवेलागणीला घरात. मुंबईला मी पाठवनार नाय. तिथं आपला कोन हाय?” पहिल्या दोन वर्षांच्या परीक्षा केंद्रातच झाल्या, दुसरी तर गोदामात बाकं मांडून. तिसऱ्या वर्षाची, पदवीची परीक्षा मात्र विद्यापीठाची. ती पेणला व्हायची तर सगळे परीक्षार्थी एका छपराखाली बसतील असा हॉल दाखवा, असं विद्यापीठाचं पत्र आलं होतं. नाहीतर मुंबई. माझे मामा मुंबईला होते, त्यामुळे मला त्या पत्राचं फारसं काही वाटलं नाही. आज हे वाक्य लिहिताना वाटतं.

आता दत्तूकाकांच्या कारखान्याचं सांगायला हवं. पेणला गणपती जिथे घडतात त्या जागेला कारखानाच म्हणतात, मग तिथे एक माणूस बसत असो की वीस. केंद्राच्या पाठीला लागून नगरपालिकेची एक लांबलचक पत्र्याची शेड होती, आणि दत्तूकाकांच्या वडिलांपासून ती त्यांच्याकडे होती. आत शाडूचा ओला वास, कोपऱ्यात साचे, दोरीवर फडकी, आणि भिंतीला ओळीने टेकवलेले पाट. आमच्याकडे अजूनही काही घरं असं करतात: आषाढात घरचा पाट कारखान्यात नेऊन द्यायचा, सोबत विडा-सुपारी, आणि मूर्ती त्या पाटावरच बसवून घ्यायची. पाटाच्या पाठीवर घराचं नाव असतं. आजोबांनी ज्याच्याकडे पाट दिला त्याच्याकडेच नातू देतो. कारखान्यात गेलेला पाट रिकामा परत येत नाही, तो गणपती घेऊनच येतो. दत्तूकाका पाट गावाप्रमाणे लावायचे. जोहे, वाशी, वडखळ, मग पेणच्या आळ्या. नाव न बघता, नुसत्या कडेवर बोट फिरवून ते पाट कोणाचा ते सांगायचे. लहानपणी मी तिथे बसून उंदीर करायचे. माझे उंदीर मांजरासारखे दिसत, आणि दत्तूकाका ते न हसता रंगवायचे.

आषाढ अर्धा सरला होता. मी केंद्राच्या मागच्या खिडकीत बसले होते आणि खाली बघितलं तर टिपणीस सर आणि नगरपालिकेचा एक माणूस शेडची मापं घेत होते. लोखंडी टेप होता. एक टोक नगरपालिकेच्या माणसाच्या हातात, आणि दुसरं टोक दत्तूकाकांच्या हातात. दत्तूकाका गुडघ्यावर एक हात ठेवून वाकले होते आणि दुसऱ्या हाताने टेपचं टोक भिंतीशी धरून होते. सर छत्री काखेत मारून वहीत आकडे लिहीत होते. माझी कानशिलं तापली. मला जे दिसायचं होतं ते सगळं दिसलं: दांडगं विद्यापीठ, मुकाट म्हातारा, आणि भर बाजारात त्याच्याच हाताने मोजली जाणारी त्याची जागा. मी खाली जाऊन विचारलं नाही. जिना पंधरा पायऱ्यांचा होता.

अण्णा त्या दिवशी रोह्याला आत्याकडे गेले होते, कंपनीच्या दारावर कामगारांची सभा होती म्हणून. मंगळवारपर्यंत येणार नव्हते. मी थेट खिळ्यांच्या पेटीपुढे उभी राहिले. कागदावर लिहिलंही नाही, उभ्या उभ्या जुळवत गेले. मथळा होता ‘देव घडवणाऱ्या हातांवर घाला’. त्यात असं वाक्य होतं: ‘ज्या हातांनी तीन पिढ्या पेणचे देव घडवले, त्याच हातांना आज आपल्या मरणाचं माप घेणाऱ्या टेपचं दुसरं टोक धरायला लावलं.’ हे वाक्य मला इतकं आवडलं की मी ते दोनदा मोठ्याने म्हटलं. खाली ‘एक जागरूक नागरिक’. आई भाकरीचं पीठ हाताला लागलेलं तशीच दारात आली.

“कोणाचं गो?”

“दत्तूकाकांचं. शेड काढून घेतायत त्यांची.”

“अण्णांनी बघितलं?”

“अण्णा मंगळवारी येतील. पालिकेचा ठराव सोमवारी होईल.”

“आणि दत्तूभावजींना वाचून दाखवलंस?”

“त्यांना काय वाचून दाखवायचं? त्यांच्याच बाजूचं आहे.”

आईने हाताला लागलेलं पीठ झटकलं. मग आत गेली. थोड्या वेळाने कपबश्या वाजायला लागल्या.

पत्रक वाटलं शनिवारी, बाजाराच्या दिवशी. संध्याकाळपर्यंत चहाच्या दुकानात, एसटी स्टँडवर, पोह्याच्या गिरणीवर तेच बोलणं. लोकांनी नगरपालिकेत जाऊन विचारलं, आणि सोमवारच्या बैठकीत शेडचा विषय पुढे ढकलला गेला. मी जिंकले होते. एका पत्रकाने, एकटीने. त्या दिवशी मी बाजारातून चालले ती जरा सावकाशच चालले.

मंगळवारी मी बघितलं की एक माणूस कारखान्यातून पाट घेऊन चाललाय. काखेत मारलेला, रिकामा. त्याच्या मागून दुसरा. एक बाई दोन पाट घेऊन, बहुतेक जावेचाही. भर बाजारातून रिकामे पाट परत चालले होते. मला काही कळेना. मी एकाला, ओळखीच्या, वडखळच्या गृहस्थाला थांबवलं. तो म्हणाला, “अगो, त्यांची शेड जानार म्हनं. पत्रक आलंय. चतुर्थीला आमचा गनपती अर्धा राहिला तर? मी हमरापूरला देतो पाट. वाईट वाटतं, पन काय करनार?” त्याच्या सदऱ्याच्या खिशातून गुलाबी कागद डोकावत होता.

अण्णा त्याच संध्याकाळी आले. पत्रक त्यांना रोह्याहून येणाऱ्या एसटीतच मिळालं होतं. ते ओरडले नाहीत. चप्पल काढली, पाय धुतले, पानावर बसले, आणि मधेच विचारलं, “बसून ऐकलंन का दत्तूने, की उभ्याने?” मी त्यांच्या भांड्यात पाणी ओतलं. “म्हणजे वाचूनच दाखवलं नाहीस.” आईने त्यांना भात वाढला. ते म्हणाले, “आत्ता जा.” मी म्हटलं, “जेवण झाल्यावर जाते.” ते म्हणाले, “तू जेवून जा. त्याच्याकडे काय शिजलंय ते विचारून ये.”

दत्तूकाका शेडमध्ये साचा पुसत बसले होते. उजेड अजून होता. भिंतीकडे बघायचं मी टाळत होते, आणि तेवढ्यासाठीच ती सारखी दिसत होती. जोह्याचे पाट तेवढे शिल्लक होते, बाकी ओळीत नुसत्या पाटांच्या कडांच्या खुणा, चुन्यावर उमटलेल्या.

“ये विजे. बस गो.”

मी बसले नाही. “काका, मी ते तुमच्यासाठी लिहिलं होतं.”

“ठाऊक हाय. तुझीच लिवनी. येवढी रागीट लिवनी पेनात दुसरी कोनाची?” ते हसले. मग साचा खाली ठेवला. “तो टेप हाय ना, तुझ्या पत्रकातला. तो मीच आनला होता घरनं. पालिकेचा टेप पोचायचा नाय येवढ्या शेडला.”

मी खाली बसले.

“अगो, चारी बाजूंनी माड्या चढल्या. उन्हं येतात कुठं? मूर्ती वाळंना. मातीचा ट्रक गल्लीत वळत नाय, मी न् माझे गुडघे घमेली वाहतोय. भाऊ कदीचा बोलावतोय हमरापूरला, अंगन हाय तिथं येवढं मोठं. मीच सरांना बोललो, माझे येवढे गनपती घरोघर जाऊ द्या, मग घ्या शेड, पोरं बसवा. ह्या सालचं काम इथं, पुढच्या सालचं तिथं.”

“मग तुम्ही कोणाला सांगितलं का नाही?”

“सांगितलं असतं तर पाट कोनी दिले असते? जानाऱ्याकडं कोन पाट देतो? चतुर्थीला ज्याच्या त्याच्या हातात मूर्ती देताना सांगनार होतो, बाबा, पुढच्या साली हमरापूरला ये. गनपती हातात असला की मानूस नाय म्हनत नाय.” मग त्यांनी भिंतीकडे हात केला. “तू आधी सांगितलंस.”

त्यांच्या आवाजात राग असता तर मला बरं वाटलं असतं. मी विचारलं, “काका, जेवलात?” ते म्हणाले, “व्हय. पेज झाली.” घरी येऊन मी अण्णांना तसं सांगितलं. त्यांनी मान हलवली.

दुसऱ्या दिवशी टिपणीस सरांनी वर्गात सांगितलं की शेडचा विषय पुढे गेला, हॉल दाखवता येत नसल्याने परीक्षा मुंबईला, अर्ज शनिवारपर्यंत भरायचे. ते माझ्याकडे बघत नव्हते. पत्रक माझं होतं हे त्यांना ठाऊक होतं की नव्हतं, मला कधीच कळलं नाही. मधल्या सुट्टीत मी हिराशेजारी बसले. तिने डबा उघडला, भाकरीचा तुकडा मोडला, चटणी लावली. मी म्हटलं, “माझ्या मामांकडे राहू आपण दोघी. मी किसनदादाशी बोलते.” ती म्हणाली, “तो नाय ऐकनार. आनि मी पन तुझ्या मामाकडं नाय राहनार.” भाकरी संपवून तिने डबा बंद केला. “कंपनीत पॅकिंगला बायका घेतायत. किसन बोलला होता.” पुढच्या तासाला ती होती. शनिवारी नव्हती. मी माझा अर्ज भरला. केंद्राच्या रकान्यात मुंबई लिहिलं.

त्यानंतर मी दुसरं पत्रक लिहिलं. पहिल्यांदा ते दोन पानं झालं. त्यात पश्चात्ताप होता, टेप होता, देव घडवणारे हात परत होतेच. ते घेऊन मी दत्तूकाकांकडे गेले आणि मोठ्याने वाचलं. ते हातातलं काम चालू ठेवून ऐकत होते. “हे काढ,” म्हणाले. “माझी कीव नको.” मी खोडलं. “तुझी पन नको.” तेही खोडलं. “देव आनि हात काढ. मी मातीचं काम करतो.” शेवटी चार ओळी उरल्या. ‘दत्ताराम मूर्तिकार यांचा कारखाना या वर्षी आहे तिथेच आहे. चतुर्थीपर्यंतच्या सर्व मूर्ती वेळेवर मिळतील. पुढील वर्षापासून हमरापूर. आधीचे पत्रक चुकीचे होते, ते मी त्यांना न विचारता लिहिले.’ खाली माझं पूर्ण नाव. नाव घालायची सूचना अण्णांची नव्हती, दत्तूकाकांचीही नव्हती, एवढं श्रेय मी घेते. ते जुळवताना माझी बोटं इतकी जड झाली होती की चार ओळींना अर्धा दिवस लागला. यंत्र अण्णांनी चालवलं. हळू, जपून, लग्नपत्रिकेसारखं.

ते पत्रक मी बाजारात वाटलं नाही. घरोघर गेले. वडखळ, वाशी, पेणच्या आळ्या. दार उघडलं की आधी वाचून दाखवायचे, मग पाट मागायचे. काही बायकांनी आत बोलावून पाणी दिलं. काहींनी दारातूनच सांगितलं, “दिला आता दुसरीकडं. परत मागनं बरं दिसत नाय.” एका म्हाताऱ्याने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, “ही चूक करनारी कोन?” “मीच,” म्हटलं. “मग तू कशाला वाचतेस? तिला पाठव.” ती म्हणजे मीच, असं मला दोनदा सांगावं लागलं. दिवसभर पाट काखेत घेऊन चालून माझ्या कुशीला चट्टा पडला होता. निम्म्याहून थोडे कमी पाट परत आले. दत्तूकाकांनी ते जागेवर लावले, आणि न आलेल्यांची जागा तशीच मोकळी सोडली, पुढे सरकवून भरून टाकली नाही.

चतुर्थीच्या आदल्या दिवशी शेड रिकामी झाली. दत्तूकाकांनी स्वतः पालिकेत जाऊन लिहून दिलं, आणि शेड केंद्राला मिळाली. सरांनी विद्यापीठाकडे दोन फेऱ्या मारल्या आणि परीक्षा पेणला आणली. ज्यांनी मुंबई लिहिलं होतं त्यांची केंद्रं बदलून मिळाली. ज्यांनी अर्जच भरला नव्हता त्यांच्यासाठी काही करता येण्यासारखं नव्हतं. दसऱ्यानंतर मी त्या शेडमध्ये, खाली फरशीवर, पेपर लिहायला बसले. फरशी तीनदा धुऊनही शाडू निघाली नव्हती. लिहून उठलं की सगळ्यांच्या परकरांच्या, पँटींच्या मागे पांढरे डाग. माझ्या डाव्या हाताची भिंत तीच होती, चुन्यावर पाटांच्या कडा उमटलेली. अर्थशास्त्राच्या पेपरला एक गणित मला येत नव्हतं. हिराने ते पाच मिनिटांत सोडवलं असतं.

निकालानंतर मी रोह्याला गेले. हिरा पॅकिंगच्या शिफ्टवरून येत होती, निळा कोट घातलेला, केसांना जाळी. आम्ही नदीच्या पायऱ्यांवर बसलो. दुसऱ्या पत्रकाची एक प्रत मी तिला दिली. मला वाटलं होतं तिला बरं वाटेल. तिने चार ओळी वाचल्या, नेहमीसारखी घडी घातली.

“हे दत्तूकाकाला वाचून दाखवलंस?”

“हो. सगळं त्यांच्या सांगण्यावरून.”

“पयलं पत्रक कोनाबद्दल होतं?”

“दत्तूकाकांबद्दल.”

“नाय. ते हॉलबद्दल होतं.” ती पाण्याकडे बघत होती. “हॉल माझा पन होता. मला कुठं वाचून दाखवलंस? मी तर तुझ्या बाजूलाच बसायचे.”

पुढच्या वर्षी हिराने अर्ज भरला. पहिली शिफ्ट घेऊन, दुपारच्या एसटीने येऊन तिने तेच पेपर दिले, त्याच शेडमध्ये, आणि माझ्यापेक्षा बरेच जास्त गुण मिळवले. पुढे ती त्याच कंपनीच्या हिशेबखात्यात गेली आणि तिथूनच निवृत्त झाली. एक वर्ष गेलं, एवढंच, असं ती म्हणते. मी तसं म्हणत नाही. दत्तूकाकांचा हमरापूरचा कारखाना त्यांच्या भावाचे मुलगे चालवतात. केंद्राच्या नव्या इमारतीवर आता चकचकीत अक्षरं आहेत. दत्तूकाकांनी रंगवलेली जुनी पाटी ग्रंथालयात कपाटामागे उभी आहे; मी ग्रंथपालबाईंना ती दर्शनी लावायला सांगितलं, त्या बघू म्हणाल्या. यावर मी पत्रक काढणार होते. अजूनही काढीन, पण त्यांना दाखवून.

हे प्रकरण छापायला देण्याआधी गेल्या महिन्यात मी रोह्याला जाऊन हिराला वाचून दाखवलं. तिच्या सुनेने आम्हाला आंबोळ्या केल्या होत्या. हिराने दोन ठिकाणी थांबवलं. तिच्या वाडीबद्दल मी एक परिच्छेद लिहिला होता, दारिद्र्याचा. तो तिने सबंध काढायला लावला. दुसरं म्हणजे, सरांनी मुंबईचं सांगितलं त्या दिवशीच्या मधल्या सुट्टीचं. मी लिहिलं होतं की हिराच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं आणि तिने डबा उघडलाही नाही. माझ्या डोळ्यांसमोर ते इतकी वर्षं तसंच होतं.

“मी रडले नाय गो,” हिरा म्हणाली. “पहाटे चारला उठलेली मी. भूक लागली होती. मी भाकरी खाल्ली.”

मी खोडलं, आणि भाकरी लिहिली.